परक्यांच्या कुतूहलासाठी

फ्लॉरेन्समध्ये अर्नो नदीवरचा पोन्ते व्हेक्यो, म्हणजे दुतर्फा सराफांची दुकाने असलेला तो जुना पूल, ओलांडून दक्षिण तीरावर आले की थोड्याच अंतरावर अरुंद रस्ता एकदम मोकळा होतो आणि डाव्या हाताला, चढावर, एक प्रचंड भिंत उभी दिसते. भिंतच म्हणायला हवे, कारण राजवाडा म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येते त्यातले पहिल्या नजरेत तिथे काहीच नसते. नक्षीकाम नाही, रंग नाही, मनोऱ्यांची चढाओढ नाही. अर्धवट घडवून सोडल्यासारखे ओबडधोबड, पिवळसर तपकिरी दगड आणि त्यांत एकसारख्या कमानींच्या रांगा. ही दर्शनी बाजू दोनशे मीटरांहून अधिक लांब आहे. समोरच्या उतरत्या चौकात लोक दगडी फरशीवर ऊन खात बसलेले असतात. मी पालात्सो पित्तीसमोर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मन थोडे खट्टू झाले होते. आत जाऊन बाहेर आले तेव्हा दिवस कलला होता, आणि त्यानंतर आजतागायत ही वास्तू माझ्या मनातून गेलेली नाही. तिच्याविषयी लिहायचे ते एका स्त्रीसाठी आणि तिने १७३७ मध्ये करून घेतलेल्या एका करारासाठी. पण त्या कराराचे मोल कळायचे तर आधी घर पाहायला हवे.

घर बांधायला घेतले लुका पित्ती नावाच्या सावकाराने, १४५८ च्या सुमारास. फ्लॉरेन्स तेव्हा नावाला प्रजासत्ताक होते आणि प्रत्यक्षात सगळी सूत्रे मेदिची या दुसऱ्या सावकार घराण्याच्या हाती होती. लुका हा थोरल्या कोसिमो मेदिचीचा जवळचा माणूस. पण जवळच्या माणसाच्या मनातली ईर्षाच अधिक खोल असते. आपल्या वाड्याच्या खिडक्या मेदिचींच्या वाड्याच्या दरवाजांएवढ्या असाव्यात, असा हुकूम त्याने दिल्याची कथा पुढे शतकानुशतके सांगितली गेली. कथेचे सोडा, पण मॅकियाव्हेली या राजकीय विचारवंताने फ्लॉरेन्सवरच्या आपल्या इतिहासग्रंथात नोंदवून ठेवले आहे की, बांधकामाला उपयोगी पडेल अशा कोणालाही, तो खुनी असो, चोर असो की हद्दपार झालेला असो, या भिंतींच्या आत अभय मिळत असे. १४६६ मध्ये मेदिचींविरुद्ध कट शिजला, त्यात लुका सामील झाला आणि आयत्या वेळी बाजू बदलून मोकळा झाला. त्याचा जीव वाचला, मात्र पत गेली. लोक त्याच्याशी रस्त्यात बोलेनासे झाले. १४७२ मध्ये तो वारला तेव्हा घर अपुरेच होते.

१५४९ मध्ये हे अपुरे घर त्याच्या वंशजांकडून विकत घेतले ते मेदिचींच्याच सुनेने. एलेओनोरा दि तोलेदो ही नेपल्सच्या स्पॅनिश व्हाइसरॉयची मुलगी, आणि फ्लॉरेन्सचा तेव्हाचा राज्यकर्ता ड्यूक कोसिमो पहिला याची पत्नी. शहराच्या मधोमध असलेल्या जुन्या, गढीसारख्या राजवाड्यात तिचा जीव रमत नव्हता. एकामागून एक बाळंतपणे होत असलेल्या बाईला मोकळी हवा आणि मुलांना खेळायला बाग हवी होती, हे मला फार स्वाभाविक वाटते. वाड्यामागची बोबोलीची टेकडी तिने बागेसाठी घेतली, अम्मान्नाती या वास्तुकाराने मागचे विशाल अंगण बांधले, आणि १५६५ मध्ये वसारी या चित्रकार-वास्तुकाराने नदीपलीकडच्या राज्यकारभाराच्या इमारतींपासून या घरापर्यंत, पुलावरच्या दुकानांच्या डोक्यावरून, सुमारे एक किलोमीटर लांबीचा बंद मार्ग अवघ्या पाच महिन्यांत उभा केला. एलेओनोराला हे सगळे पुरे झालेले दिसले नाही. १५६२ मध्ये हिवतापाने ती गेली. ज्या वस्त्रांत तिला पुरले होते त्यांचे जीर्ण, मातकट अवशेष तीन शतकांनी थडग्यातून निघाले. आज ते याच राजवाड्यातल्या पोशाखांच्या संग्रहालयात जतन केलेले आहेत. विटक्या रेशमाच्या त्या चिंध्यांतून कशिद्याच्या रेघा अजून ओळखू येतात.

नवल असे की घर मेदिचींचे झाले, तिप्पट मोठे झाले, त्यात राजे नांदले, तरी नाव मात्र त्या फसलेल्या प्रतिस्पर्ध्याचेच राहिले.

अम्मान्नातीच्या अंगणात मी सर्वांत जास्त वेळ कशापाशी थांबले असेन तर एका खेचराच्या शिल्पपटापाशी. बांधकामात जन्मभर राबलेल्या एका खेचराच्या स्मरणार्थ तो बसवलेला आहे आणि खाली लॅटिनमध्ये दोन ओळी कोरल्या आहेत: पालखी, दगड, संगमरवर, लाकडे, खांब, हे सारे याने वाहिले, ओढले, उचलून आणले. ज्या खुनी-चोरांनी पहिले दगड रचले त्यांची नावे कुठे नाहीत, ज्या मजुरांनी पुढची शंभर वर्षे काम केले त्यांचीही नाहीत; खेचराचे मात्र स्मारक आहे. त्या अनाम हातांच्या वतीने ते मुके जनावर तिथे उभे आहे असे समजून मी त्याला मनोमन नमस्कार केला.

याच अंगणात १५८९ मध्ये, फेर्दिनांदो पहिला याच्या लग्नात, पाणी भरून जहाजांची लुटुपुटूची लढाई खेळली गेली होती. ऑक्टोबर १६०० मध्ये मारिआ दे मेदिचीचे लग्न फ्रान्सच्या राजाशी झाले, त्या सोहळ्यात याच राजवाड्यात याकोपो पेरीने रचलेले एक संगीतनाट्य सादर झाले. आज ज्याला ऑपेरा म्हणतात त्या प्रकारातली संपूर्ण स्वरूपात टिकून राहिलेली ही सर्वांत जुनी कृती. संगीत नाटकावर पोसलेल्या माझ्यासारख्या मराठी माणसाला हे वाचून अंगावर रोमांच येणारच. पुढे ही मारिआ पॅरिसमध्ये एकटी पडली तेव्हा तिने तिथे जो लक्झेंबर्ग राजवाडा बांधून घेतला, त्याचे दगडकाम माहेरच्या पित्तीवरून बेतलेले होते. परदेशी नांदणाऱ्या लेकीने माहेरच्या भिंती सासरी नेल्या, असेच म्हणावे लागेल.

पहिल्या मजल्यावर आता पॅलेटाइन चित्रदालन आहे. सुमारे पाचशे चित्रे. पण हे संग्रहालय नेहमीच्या संग्रहालयांसारखे लावलेले नाही आणि सुरुवातीला त्याने मी चक्रावून गेले. इतरत्र चित्रे कालक्रमाने, शैलीनुसार, पांढऱ्या भिंतीवर, प्रत्येकाभोवती ऐसपैस मोकळी जागा ठेवून मांडतात. इथे ती तीन-तीन रांगांत, सोनेरी चौकटीला सोनेरी चौकट भिडवून, छतापर्यंत चढत गेली आहेत. राफाएलच्या शेजारी रुबेन्स, त्याच्या डोक्यावर आणखी कोणी; वरच्या रांगेतले चित्र मान मोडेपर्यंत वर करूनही उजेडाच्या चकाकीत हरवते. अभ्यासकाची सोय त्यात नाही, हे खरे. पण घरमालक चित्रे अशीच लावत असत. आवडीने, जागेच्या सोयीने, चौकटी जुळतील त्याप्रमाणे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत, मेदिचींनंतर इथे राज्यावर आलेल्या लॉरेन घराण्याच्या राजांनी केलेली ही मांडणी मोडून तिचे पाठ्यपुस्तक न करण्याचा निर्णय नंतरच्या लोकांनी घेतला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. इथे आपण एका घरात आलो आहोत ही जाणीव क्षणभरही सुटत नाही.

या दालनांची नावे आपल्या ओळखीची आहेत: शुक्र, रवी, मंगळ, गुरू, शनी. रवीला इथे अपोलो म्हटले आहे, एवढाच फरक. पिएत्रो दा कोर्तोना याने १६४० च्या दशकात त्यांची छते रंगवायला घेतली आणि उरलेले काम त्याच्या शिष्याने, चिरो फेर्री याने, १६६० च्या दशकात संपवले. कल्पना अशी की शुक्राच्या दालनात मिनर्व्हा देवी एका कोवळ्या राजपुत्राला विलासाच्या मांडीवरून ओढून काढते. मग प्रत्येक ग्रहाकडे तो एकेक गुण शिकतो आणि शनीच्या दालनापर्यंत पोहोचतो तेव्हा वृद्ध झालेला असतो. दरबाराच्या काळात भेटीला आलेल्या माणसाचा मान जितका मोठा तितक्या आतल्या दालनापर्यंत त्याला जाता येई. गुरूच्या दालनात सिंहासन होते.

मान वर करून ही छते पाहताना माझ्या लक्षात आले की हा क्रम पृथ्वी मध्यभागी मानणाऱ्या जुन्या खगोलाचा आहे, ज्यात रवी शुक्र आणि मंगळ यांच्या मधे येतो. याच मेदिचींचा आश्रय मिळावा म्हणून गॅलिलिओने १६१० मध्ये गुरूचे चार चंद्र शोधून त्यांना घराण्याचे नाव दिले होते. कोर्तोना इथे छतावर ग्रह रंगवायला लागला त्या दिवसांत तो म्हातारा, आंधळा झालेला गॅलिलिओ इथून जवळच, दक्षिणेकडच्या आर्चेत्रीच्या टेकडीवर, नजरकैदेत होता. जानेवारी १६४२ मध्ये तो तिथेच वारला. त्या सोनेरी छताखाली उभे राहून हे आठवले की सौंदर्याचा आनंद निर्भेळ राहत नाही, आणि तो तसा राहू नये असेच मला वाटते.

मंगळाच्या दालनात रुबेन्सचे १६३८ मधले एक विशाल चित्र आहे, युद्धाच्या परिणामांचे. युरोप तेव्हा तीस वर्षांच्या युद्धात होरपळत होता. चित्र मेदिचींच्या दरबारातील चित्रकार सुस्तरमान्स याच्यामार्फत इथे आले आणि त्याला लिहिलेल्या पत्रात रुबेन्सने त्यातली प्रत्येक आकृती स्वतः उलगडून सांगितली आहे. युद्धदेव मार्स तलवार उपसून निघाला आहे, व्हीनस त्याला दंडाला धरून मागे खेचते आहे, आणि हातात मशाल घेतलेली कृत्या त्याला पुढे ओढते आहे. जमिनीवर फुटलेली वीणा घेतलेली बाई पडली आहे, लेकराला कवटाळणारी आई आहे, हातातली अवजारे न सोडता कोसळलेला वास्तुकार आहे. मार्सच्या पायाखाली पुस्तक आणि रेखाटन चिरडले जाते आहे. आणि डावीकडे, काळे वस्त्र नेसलेली, ओढणी फाटलेली, अंगावरचे दागिने लुटले गेलेली, दोन्ही हात आकाशाकडे फेकून आक्रोश करणारी एक स्त्री. रुबेन्स लिहितो की ती दुर्दैवी युरोप आहे. मी त्या चित्रासमोरच्या बाकावर बराच वेळ बसले होते. सगळी रूपके बाजूला सारली तरी त्या बाईचे उघडे तोंड खरे वाटते. दारात येऊन मोठ्याने रडणारी ती बाई कुठल्याही गावची असू शकते.

शनीच्या दालनात राफाएलची खुर्चीवर बसलेली मॅडोना, म्हणजे येशूची आई मेरी, आहे. गोल चौकटीत आई, मूल आणि शेजारी लहानगा जॉन इतके दाटीने मावले आहेत की सगळे चित्रच कुशीसारखे झाले आहे. तिच्याबद्दल अधिक काही लिहिण्याची माझी पात्रता नाही.

यातली बरीचशी चित्रे खरेदी झाली, काही भेट आली, काही चर्चमधून उचलून आणली आणि काही हुंड्यातून आली. व्हित्तोरिआ देल्ला रोव्हेरे ही उर्बिनोच्या ड्यूक घराण्याची शेवटची वारस. तिचे लग्न दुसऱ्या फेर्दिनांदो मेदिचीशी ठरले आणि १६३१ मध्ये उर्बिनोचा संग्रह फ्लॉरेन्सला आला. टिशियनची ती निळ्या पोशाखातली अनामिक सुंदरी त्यातलीच. उर्बिनोच्या राजवाड्यातल्या त्या भिंती मात्र रिकाम्या झाल्या. राजघराणे संपले की संग्रह वारसाच्या मागोमाग निघून जातो, हाच त्या काळचा रिवाज होता. मांतुआच्या गोन्झागांनी १६२७-२८ मध्ये आपली चित्रे इंग्लंडच्या राजाला विकून टाकली. पार्माचे फार्नेझे घराणे संपले आणि १७३० च्या दशकात बुर्बोन वंशाच्या कार्लोसने त्यांचा संग्रह नेपल्सला नेला. मोदेनाच्या ड्यूकने १७४६ च्या सुमारास आपली सर्वोत्तम शंभर चित्रे ड्रेस्डेनला विकली. त्या शहरांतले महाल आजही उभे आहेत, त्यांची छते आजही रंगलेली आहेत, पण त्या छतांखाली एके काळी जे होते ते पाहायला शेकडो मैलांचा प्रवास करावा लागतो.

पित्तीचे तसे झाले नाही, आणि त्याचे श्रेय आन्ना मारिआ लुइझा दे मेदिची हिचे आहे.

ती १६६७ मध्ये जन्मली. फ्लॉरेन्स राजधानी असलेल्या तोस्काना राज्याचा शासक, ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो, याची लाडकी मुलगी. १६९१ मध्ये लग्न होऊन जर्मनीत ड्युसेलडॉर्फला गेली, मूल झाले नाही, १७१६ मध्ये नवरा वारला आणि पुढच्याच वर्षी ती माहेरी परतली. तिच्या दोन्ही भावांनाही मूल नव्हते. आपल्या मागे गादीवर मुलीने बसावे म्हणून बापाने सिनेटकडून ठराव करून घेतला होता, पण युरोपातल्या बड्या सत्तांनी तो जुमानला नाही. तोस्कानाचे पुढे काय करायचे ते त्यांनी मेदिचींना न विचारता आपापसांत ठरवले. जुलै १७३७ मध्ये तिचा भाऊ जान गास्तोने, शेवटचा ग्रँड ड्यूक, मरण पावला. राज्य गेले लॉरेनच्या फ्रान्सिस स्टीफनकडे, ज्याची पत्नी ऑस्ट्रियाची मारिया थेरेसा. सत्तरीची, निपुत्रिक, विधवा बाई; राज्य दुसऱ्याचे, राजधानीत सैन्य दुसऱ्याचे. तिच्या हाती उरले होते ते घराण्याचे खाजगी धन, तीन शतके साठवलेले. पार्माचा संग्रह दक्षिणेकडे गेला त्याला तेव्हा जेमतेम काही वर्षे झाली होती.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस तिने नव्या राज्यकर्त्याशी करार केला. त्यात तिने चित्रे, पुतळे, ग्रंथ, रत्ने आणि इतर मौल्यवान वस्तू नव्या घराण्याच्या स्वाधीन केल्या, पण एका अटीवर: जे राज्याचे भूषण आहे, जे लोकांच्या उपयोगाचे आहे आणि ज्यामुळे परक्यांचे कुतूहल इकडे ओढले जाईल, त्यातले काहीही राजधानीबाहेर आणि राज्याबाहेर नेता येणार नाही.

ही तीन कारणे मी पुन्हा पुन्हा वाचली आहेत. राज्याचे भूषण हे कोणत्याही दरबारी कागदात सापडेल. लोकांचा उपयोग हा शब्द १७३७ मध्ये एका राजकन्येने वापरावा याचे आश्चर्य वाटते, कारण युरोपातली बहुतेक मोठी सार्वजनिक संग्रहालये तेव्हा अजून उघडायची होती. पण मला थांबवते ते तिसरे कारण. परके लोक. ज्यांना या शहरात ना घर ना दार, ज्यांची भाषा वेगळी, जे नुसते पाहायला येतील आणि पाहून निघून जातील, अशांसाठीही ही चित्रे जागच्या जागी राहिली पाहिजेत असे एका म्हाताऱ्या बाईने कायद्याच्या भाषेत लिहून घेतले. पुण्याहून निघून, कित्येक महिने पैसे साठवून, त्या मंगळाच्या दालनातल्या बाकावर जाऊन बसलेली मी त्या कलमात आहे. माझी सोय तिने आधीच करून ठेवली होती.

नवा राजा व्हिएन्नातच राहिला. ती मात्र पित्तीच्या आपल्या दालनांत राहत होती आणि आपल्या पूर्वजांच्या सान लोरेन्झो चर्चचे अपुरे काम स्वतःच्या पैशाने पुढे रेटत होती. १८ फेब्रुवारी १७४३ रोजी ती याच राजवाड्यात वारली आणि मेदिचींची ही शाखा संपली. फ्लॉरेन्स शहर अजूनही तिच्या पुण्यतिथीला तिची आठवण काढते.

करार जसाच्या तसा पाळला गेला असे नाही. काही जडजवाहीर व्हिएन्नाला गेलेच. १७९९ मध्ये फ्रेंच सैन्याने पित्तीतली निवडक चित्रे पॅरिसला नेली आणि नेपोलियनच्या पराभवानंतर त्यांपैकी बहुतेक परत आली. लॉरेनच्या राजांनी चित्रदालनाचे दरवाजे लोकांना खुले केले; १८६० मध्ये तोस्काना नव्या इटलीत विलीन झाले आणि १८६५ ते १८७१ फ्लॉरेन्स देशाची राजधानी असताना पित्ती हे इटलीच्या राजाचे निवासस्थान झाले.

त्या सहा वर्षांतली एक तारीख कोल्हापूरकरांना ठाऊक असते. युरोपच्या प्रवासाला गेलेले कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज परतीच्या वाटेवर आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये निवर्तले. वय अवघे वीस. ज्या शहरात दहन कोणी पाहिलेले नव्हते तिथे, कास्चीने उद्यानाच्या टोकाला, अर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, रात्रीच्या वेळी त्यांना अग्नी देण्यात आला. नद्यांचा संगम शोधून काढणाऱ्या त्या मूठभर आप्तांच्या मनाची कल्पना करून मला भरून येते. १८७४ मध्ये तिथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा बसवला. फ्लॉरेन्सचे लोक त्याला नुसते 'इंडियानो' म्हणतात, आणि जवळच्या पुलाचे नावही त्यावरूनच पडले आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे गेले. मराठी बोलायला जवळ कोणी नव्हते, म्हणून पुतळ्याशीच दोन शब्द बोलले.

पुढचे थोडक्यात सांगते. १९१९ मध्ये इटलीचा राजा तिसरा व्हित्तोरिओ एमान्युएले याने राजवाडा देशाला दिला. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने पोन्ते व्हेक्यो वगळता अर्नोवरचे सगळे पूल उडवले आणि त्या पुलाच्या दोन्ही टोकांची वस्ती जमीनदोस्त केली, तेव्हा घरे सोडावी लागलेली हजारो माणसे पित्तीच्या दालनांत, अंगणात गाद्या टाकून राहिली. एकेकाळी मानाच्या क्रमाने ज्या दारांशी माणसे अडवली जात, त्या दारांतून तेव्हा बायका पाण्याच्या बादल्या घेऊन ये-जा करत असतील.

फ्लॉरेन्सहून आल्यावर मी गोव्याला गेले, ते जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूच्या चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियरचे थडगे पुन्हा पाहायला. लहानपणी अनेकदा पाहिलेले. पण ते कोणी पाठवले हे तेव्हा माहीत नव्हते. आन्ना मारिआ लुइझाच्या बापाने, तिसऱ्या कोसिमोने, ते पाठवले. संताच्या डोक्याखालची उशी गोव्याहून त्याला भेट मिळाली होती. तिची परतफेड म्हणून त्याने आपला दरबारी शिल्पकार फोज्जिनी याच्याकडून रंगीत दगडांचे आणि काशाच्या चार पटांचे हे स्मारक घडवून घेतले. काम दहा वर्षे चालले. मग सुटे भाग पेट्यांत भरून जहाजावर चढवले, सोबत ग्रँड ड्यूकच्या कारखान्यातला प्लाचिदो राम्पोनी हा कारागीर आला, आणि १६९८ मध्ये त्याने ते इथे जोडून उभे केले. त्याच्याही शंभर वर्षे आधी फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी कोचीन-गोव्यात राहून मेदिचींना पत्रे लिहीत होता. सात-आठ-नऊ हे आकडे इकडच्या भाषेत आणि त्याच्या इटालियनमधल्या सेत्ते-ओत्तो-नोव्हे यांत इतके सारखे कसे, असा प्रश्न त्याला पडला होता. तो १५८८ मध्ये गोव्यातच वारला.

बापाने जे समुद्रापार धाडले ते इथे आहे, आणि लेकीने जे हलू दिले नाही ते तिथे. मी चर्चमध्ये थडग्याच्या बाजूला उभी राहिले. खाली फ्लॉरेन्सचे दगड, लाल, हिरवे, पिवळट, पित्तीच्या दालनांतल्या मेजांवर पाहिलेल्या जडावकामाच्याच जातीचे. आणि त्यावर, फोज्जिनीच्याही साठ वर्षे आधी गोव्याच्या कारागिरांनी घडवलेली, जाळीदार चांदीची पेटी. दुपारची वेळ होती. शेजारी एक म्हातारी कोकणीत पुटपुटत प्रार्थना करत होती, आणि परदेशी पाहुण्यांचा एक घोळका माना वर करून, अगदी गप्प, पाहत उभा होता.